दोन खोल्या, एक घोंगडी आणि साहेबांची खुर्ची

मी, धुळाप्पा बिरप्पा वाघमोडे, वय अदमासे चौसष्ट, धर्म ख्रिस्ती, पूर्वी सूतगिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, राहणार भवानी पेठ, सोलापूर, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण त्याचा मिळकतीशी संबंध नाही.

कलम १. भवानी पेठेतील माझ्या स्वकष्टार्जित दोन खोल्या मुलगा सिदू याला द्याव्यात. पत्रा गळतो हे त्याला ठाऊक आहे. मी गेल्यावर गळू लागला असे त्याने म्हणू नये.

कलम २. माझी घोंगडी आमच्या ख्रिस्ती मंडळीतील संगप्पा यांना द्यावी. सन १९२२ च्या नाताळात ते साहेबांच्या खुर्चीवर बसले, म्हणून मी त्यांच्याशी अकरा वर्षे बोललो नाही. घोंगडी चांगली उबदार आहे.

कलम ३. खुर्चीचा खुलासा. मिशनचे साहेब विलायतेस परत गेले तेव्हा त्यांनी आपली हातांची खुर्ची मला दिली. आमच्या मंडळीत सगळे सतरंजीवर बसतात. मी दर रविवारी खुर्ची डोक्यावरून नेऊन पुढे ठेवी. तीत कोणी बसायचे नाही, मीसुद्धा नाही. घरी रोज ओल्या फडक्याने पुसत असे, नाताळात झेंडूची माळ घालत असे.

बाप्तिस्म्याआधी आईच्या देव्हाऱ्यातले चांदीचे टाक मी विहिरीत टाकले होते. त्याची साक्ष दरवर्षी मंडळीत उभा राहून देई. आई त्या दिवशी जेवली नाही, हे साक्षीत सांगत नसे.

मागल्या वर्षी बायको बनाबाई हिला दम्याने आडवे होता येईना. ती म्हणाली, "वाईच खुर्चीत बसू का?" मी म्हणालो, "सायबांची हाय ती. तक्क्या देतो की." तक्क्या दिला. भिंतीला टेकून तिने नऊ दिवस काढले आणि ती गेली. खुर्ची तिच्यापासून चार हातांवर होती. झेंडूची माळ अजून काढली नव्हती.

दुखवट्याला बहीण राजाबाई टेंभुर्णीहून आली. ती बिरोबाला मानते. आत येताच तिने पदर सावरून खुर्चीला हात जोडले. मी तिच्या अंगावर ओरडलो. ती गोंधळून म्हणाली, "दादा, तुमचा द्येव ह्योच न्हवं? माळ हाय, कुनी बसत न्हाय. मला काय ठावं?" तिने चेष्टा केली नव्हती, भावाच्या घरच्या देवाचा मान राखला होता. एका देवावाचून दुसरा देव मानू नये, ही पहिली आज्ञा मी तिला चाळीस वर्षे ऐकवत आलो.

कलम ४. खुर्ची जाळावी असे आधी मनात आले. पण टाक बुडवल्याची फुशारकी मी जन्मभर मारली, खुर्ची जाळल्याचीही मारली असती. म्हणून माझ्या पश्चात खुर्ची शेजारीण नागव्वा हिला द्यावी. तिलाही दमा आहे, आडवे होता येत नाही.

येथे लेखनिक अण्णाराव यांनी लेखणी थांबवली. म्हणाले, "तिला धाप आज लागतीया. तुमी मरायची वाट बगायची का तिनं?" मी म्हणालो, कायदाच तसा आहे. ते म्हणाले, कायदा असे काही म्हणत नाही. मरेपर्यंत खुर्ची मला जवळ हवी होती, एवढेच खरे. बनाबाईला नाही म्हटले तेही याच तोंडाने. त्याची मला लाज वाटते.

सबब कलम ४ रद्द. खुर्ची मी आत्ताच उचलून नागव्वाच्या ओट्यावर ठेवली आहे. पुसली नाही. आता या पत्राने नागव्वाला काहीच मिळत नसल्यामुळे ती साक्षीदार चालते, असे अण्णाराव म्हणतात. तिच्याच ओट्यावर हे पत्र वाचून दाखवले व दोघांसमक्ष मी सही केली.

सोलापूर, ता. १२ मार्च १९३४
सही: धुळाप्पा बिरप्पा वाघमोडे

साक्षीदार:
१) अण्णाराव, लेखनिक, नवी पेठ. सही.
२) नागव्वा, भवानी पेठ. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. खुर्चीत बसून दिला.