फायरफॉक्स कुणी काढला

सोमवार, एप्रिल. संध्याकाळ, सिडकोतली खोली

अनघानं असं का केलं? ऑफिसात माझी एकच मैत्रीण, शेजारच्या खुर्चीवरची.

गावांनी पाण्याच्या टँकरची मागणी नोंदवायची आमची वेबसाइट. ती प्रत्येक ब्राउझरमध्ये आपोआप तपासली जावी म्हणून आठवडाभर मी ड्रायव्हर, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवणारे छोटे प्रोग्राम, बसवत होते. क्रोमचा जुळला. फायरफॉक्सचाही जुळला, पण तिथं 'नोंदवा' बटण दाबलं की काहीच होत नव्हतं. चूक ड्रायव्हरची नव्हती, वेबसाइटचीच होती आणि तो भाग अनघाचा. म्हणून आधी फक्त तिलाच सांगितलं.

आज साहेबांसमोर सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. मला आनंदच झाला, वेडी मी! मग पाहिलं तर चाचण्यांच्या सेटिंगमधून फायरफॉक्सच काढून टाकलेला.

"अगं, कोण वापरतं फायरफॉक्स?" मी विचारल्यावर अनघा हसली.

"आमच्या गावी, पिशोरला, सेवा केंद्रात तोच आहे. लोक बटण दाबून वाट बघत बसतील अन् टँकर यायचाच नाही."

"साहेबांना मी सांगितलंय, फायरफॉक्सचा ड्रायव्हर तुला जमला नाही. आता गप्प बस ना."

मला जमला नाही?

फायरफॉक्स परत घातला, चाचणी चालवली, लाल निकाल साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "मग उद्या वेबसाइट सुरू करायची नाही." अनघा खाली मान घालून बसली होती.

रोज एकाच रिक्षानं येतो-जातो आम्ही. आज ती एकटीच निघून गेली. बरोबरच केलं मी, तरी रडू येतंय. तिनं नुसतं 'मदत कर' म्हटलं असतं, तर ते बटण मीच तिच्यासोबत बसून दुरुस्त केलं असतं.