स्पॅममधून सुटलेला मेल

३ नोव्हेंबर
नोकरी लागली! विरारहून वसई, पुढे रिक्षाने पाचूबंदर. मुंबईची वणवण वाचली. सुक्या मासळीचा धंदा आहे. मालकीण मॅग्डलीनआंटी प्रेमळ. आल्या आल्या चहा-पाव पुढे केला. पण वास, देवा! अंगणभर बोंबील, त्यांवर माश्या, आणि त्याच माश्या माझ्या कपावर. शी! घरी आल्यावर आईने दारातच अडवलं, आधी आंघोळ कर म्हणाली.

कंपनीचे मेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडतात, ते इनबॉक्समध्ये पोचवायचं काम माझं. आंटीला मात्र ऑर्डरपेक्षा मस्कतच्या लेकीची काळजी. गेल्या वर्षी आंटीचे यजमान रेमंडअंकल होडीसकट बुडाले, तेव्हापासून ही लेक, रिचेल, घरी फिरकलेली नाही.

४ नोव्हेंबर
आपल्या नावाने कुठल्या मशीनने मेल पाठवायचा, त्या परवानगीच्या नोंदी डोमेनला जोडाव्या लागतात. नसल्या की मेल गेलाच स्पॅममध्ये. इथे एकही नव्हती, धन्य आहे! अंकलचा मेलबॉक्स बंद करू का विचारलं, तर आंटी भडकली. म्हणाली, प्रेत मिळालेलं नाही, तोवर आमच्या घरात माणसाचं नाव वगळत नाहीत, ताटही नाही.

अंकलसाठी वाढून ठेवलेलं ते ताट बघितलं. कालवणावर बुरशी, भातात अळ्या वळवळतायत. ईऽऽ! मी डबा न उघडताच परत आणला.

६ नोव्हेंबर
नोंदी लावल्या, रिपोर्ट आला. कुठलंतरी अनोळखी मशीन अंकलच्या नावाने रिचेलला रोज मेल पाठवतंय, आणि तो स्पॅममध्ये जातोय. मी चोर समजले. आंटी म्हणाली, छे गं, तो त्यांचा जुना लॅपटॉप, घाल त्यालाही परवानगीत. मालकीण सांगते म्हटल्यावर घातला. लॅपटॉप कुठे आहे, हे विचारायला हवं होतं.

८ नोव्हेंबर
सगळे मेल पोचतायत. रिचेलचाही फोन आला. तिला पप्पांचा मेल मिळाला: ‘पानी पिऊन फुगलोय. तुझा पत्ता दे.’ तिला वाटलं, ममाच लिहितेय. तिने पत्ता दिला.

मी आंटीला विचारलं, लॅपटॉप कुठंय. सहज म्हणाली, होडीत. त्यांच्यासोबतच गेला.



९ नोव्हेंबर
लॅपटॉपची नोंद काढली. पण जगभरच्या मशीनना जुनी नोंद काही काळ आठवत राहते, काही करता येत नाही. रिचेल फोनवर रडत होती. बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी येतंय, त्यात खवले, केस, सोललेली कातडी. बाहेर पळ म्हणून ओरडले. ती म्हणाली, दाराबाहेरही ओलं —

१० नोव्हेंबर
रिचेल फोन उचलत नाही. आंटीने अंकलचं ताट उचललं, घासलं. म्हणाली, ते पोचले लेकीकडे. मग त्याच जागी दुसरं ताट मांडलं. रिचेलचं.

हसत होती बाई. किळस आली मला तिची, माझ्या हातांचीही. नोकरी सोडली.

११ नोव्हेंबर
मेल आला. रिचेलच्या नावाने, थेट इनबॉक्समध्ये. ‘पानी लई खारट आहे. तुझा पत्ता दे.’

नाही दिला. देणारच नाही. पण माझा नोकरीचा अर्ज — तिथल्याच मेलबॉक्समध्ये — इमारत, मजला, सगळं —

मोरीतून फेस येतोय. कुजलेल्या बोंबलाचा वास — शी, केस आहेत त्यात —

बेल वाजली. आई म्हणतेय, मी बघते.

आई, थांब, दार नको —