एक्केचाळीस दगड

फर्दापूरवरचं पठार
३ फेब्रुवारी २०१३

ती. सुलेखाआत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

इथं फोनला रेंज नाही, आणि फोनवर तू नेहमी वर्गात बोलल्यासारखी ओरडतेस, म्हणून पत्र. माझं काम काय ते विचारलं होतंस. पठारावर चौदा पवनचक्क्या आहेत. त्यांच्या पात्यांना धडकून किती पक्षी मरतात, हे कंपनीला सरकारला कळवावं लागतं. मी सकाळी आठपासून एकेका चक्कीभोवती शंभर पावलांपर्यंतची जमीन बघते आणि मेलेला पक्षी सापडला की लिहून घेते.

पहिल्याच आठवड्यात एक गरुड सापडला. पंख तुटून दहा पावलांवर पडलेला. मी तिथंच बसून रडले. ज्यांच्याकडे राहते त्या म्हाळसाबाई मेंढरं घेऊन मागून येत होत्या. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या की पाखरासाठी एवढं, तर सासरी जाताना तलाव भरशील बाई. दुष्काळात तेवढंच कामाला येईल.

त्यानंतर महिनाभर एकही पक्षी नाही. मार्चअखेर अहवालावर माझी सही व्हायची आहे. आकडा कमी असला तर इथं पाणी उरलेल्या एकुलत्या पाझर तलावाभोवती आणखी बारा चक्क्या उभ्या राहतील. साइट मॅनेजर बिभीषणराव म्हणतात की मॅडमचा पायगुण चांगला. मलाही बरंच वाटतंय.

पाणी आटलंय तशी तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी सुकेशनी

औरंगाबाद
११ फेब्रुवारी २०१३

चि. सुकेशनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद व्हायला हवा होता. मला किळस आली. तुझी नव्हे गं, त्या एकाच्या आकड्याची.

इथं सहा दिवसांनी नळाला पाणी येतं. हर्सूलच्या तलावात चिखल उरलाय, आणि तिकडच्या रस्त्यावर ‘लेक व्ह्यू’ नावाच्या इमारतीची झगझगीत पाटी लागलीय. तुझा बाबा आणि मी रविवारी तिथं बदकं मोजायला जायचो. शाळेतल्या सिस्टर ॲग्नेसनी मला दिलेल्या वहीत तो चुकीची नावं लिहायचा आणि मी खोडायची. आता कचऱ्यावरच्या घारी तेवढ्या मोजायच्या.

मी पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी मिळाले की आधी खिडकी उघडी होती का ते बघायची. पठारावर एकच पाणी उरलंय, पाखरं तिथंच येणार, वाटेत चौदा चक्क्या, आणि महिनाभर एकही मरत नाही?

फर्दापूरहून सहा मेलेल्या कोंबड्या आण, पिसांसकट. संध्याकाळी सहा चक्क्यांखाली ठेव. कुणाला सांगू नकोस. सकाळी दिसल्या नाहीत तर समज, तुझ्या आधी तिथं कुणीतरी पोचतंय.

जेवत जा. उत्तराची वाट बघतेय.

तुझी आत्या

पठार
२४ फेब्रुवारी २०१३

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

सहाच्या सहा गेल्या. कोल्हा म्हणावा, तर एक पीस नाही. मला बिभीषणरावांचाच संशय आला. पुन्हा कोंबड्या ठेवल्या आणि फटफटायच्या आधी एका चक्कीच्या पायथ्याशी जाऊन बसले. उजाडताना म्हाळसाबाई आल्या. काखेत पाटी, हातात खुरपं. कोंबडी उचलून उलटीपालटी केली आणि मला बघून विचारलं की अशी चांगली कोंबडी कोण टाकतंय, रस्सा झाला असता.

त्यांना लपवायचं असं काही नव्हतंच. म्हणाल्या की त्या दिवशी लई रडलीस, म्हणून तू यायच्या आत पाखरं मातीआड करते. तुझ्या डोळ्याला दिसायला नको. ओढ्याकाठी पुरायच्या आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून प्रत्येकावर एक दगड.

तुझ्या कोंबड्या वगळून एक्केचाळीस दगड भरले. मी सगळं उकरलं. चंडोल, घारी, बगळे, हिमालयापलीकडून आलेला एक पट्टकादंब हंस. अळ्या वळवळत होत्या. दोनदा ओकले.

खरी ओकारी पुढं आहे. बिभीषणराव हे सगळं दुसऱ्या आठवड्यापासून बघत होते. त्यांनी म्हाळसाबाईंना रबरी हातमोजे आणून दिले आणि पुण्याचं काम करताय मावशी म्हणून कौतुक केलं! आता म्हणतात की पुरलेला पक्षी नियमात बसत नाही, गरुडाचा एक लिहा. एक्केचाळीस लिहिलेत तर पुरावा लपवणारी म्हणून मावशींचं नाव येईल, आणि त्यांचा मुलगा हनुमान इथंच वॉचमन आहे.

आत्या, मी एकच लिहावा असं वाटतंय. लवकर लिही.

तुझी सुकेशनी

औरंगाबाद
१ मार्च २०१३

चि. सुकेशनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी दोनदा हात धुतले, तेही टँकरच्या पाण्यातून. त्या हातमोज्यांची शिसारी जात नाही. एका बाईची माया बघितली आणि या गृहस्थाला त्यात बारा चक्क्या दिसल्या.

जसं घडलं तसं लिही. जमिनीवर एक, मातीत एक्केचाळीस, ठेवलेल्या सहा कोंबड्यांपैकी सहा गेल्या. हातमोजे कुणी दिले तेही. आणि खाली मागणी लिही, की पाखरं पाण्यावर येतात त्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी, तलावाजवळच्या चक्क्या बंद ठेवा.

म्हाळसाबाईंचं नाव मात्र त्यांना विचारल्याशिवाय लिहू नकोस. सही तुझी आहे, पण चूल त्यांची आहे.

काळजीत असलेली,
आत्या

पठार
३० मार्च २०१३

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

म्हाळसाबाईंना विचारलं, तर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. मग मी त्यांचं नाव न घालता सगळं लिहून दिलं.

गेल्या आठवड्यात फर्दापूरला जनसुनावणी झाली. अहवाल वाचला गेला, तर त्यात गरुडाचा एक, आणि खाली माझी सही. मधली पानं काढून टाकलेली. मी उठून बोलायला लागले, तेव्हा बिभीषणराव हसून म्हणाले की मॅडम जरा भावुक आहेत. लोकही हसले. तेवढ्यात मागून म्हाळसाबाई पदर खोचत उठल्या. म्हणाल्या की पुरणारी मी हाय, एक्केचाळीस हायत, चला दावते. आन् यानं दिलेले हातमोजेबी घरी हायत, धुऊन ठेवलेत.

वनखात्याचे अधिकारी लगेच निघाले. नाकाला रुमाल लावून त्यांनी एकेक दगड उचलायला लावला. नव्या बारा चक्क्या तूर्त थांबल्या. तलावाजवळच्या चार आता सकाळ-संध्याकाळ बंद राहतील. उरलेल्या दहा फिरतातच. माझं काम गेलं, हनुमानचंही गेलं. बिभीषणराव जागेवर आहेत आणि पक्षी वाचवण्यावर भाषण तयार करताहेत. त्यांच्याकडे बघवत नाही.

मोजायला नवा माणूस नेमलाय, तो अकराशिवाय येत नाही. आज सामान बांधून निघाले, तर नवव्या चक्कीखाली एक घार पडलेली, आणि म्हाळसाबाई काठी घेऊन कुत्री हाकत उन्हात उभ्या. मेंढरं पार टेकडीपलीकडं गेलेली. मी म्हटलं की सावलीला तरी बसा. तर म्हणाल्या की त्यानं वहीत लिहीस्तवर हलायची नाय, तू जा, तुझी गाडी चुकंल.

हे पत्र टपालात टाकत नाही, हातानंच देते; रात्रीपर्यंत पोचते. माझ्यापुरती जागा आणि लोभ ठेव.

तुझी सुकेशनी