माझ्या बाजूचा ब्रेक

६ जानेवारी
आजपासून कन्येच्या अभ्यासाची सूत्रं माझ्या हातात. जेवताना तसं जाहीर केलं. बायको म्हणाली, बरं. या 'बरं'मध्ये पाठिंबा असतो असं मी धरून चालतो.

कन्येला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. कॉलेज दुसऱ्या गावात, सीटा मोजक्या, मे महिन्यात एन्ट्रन्स. नंबर लागला नाही तर घराजवळच्या कॉलेजात मिळेल ते घ्यायचं आणि आयुष्यभर दुसऱ्यांची मांजरं बघून उसासे टाकायचे. तसं होणार नाही. घरात शिकवण्याचा दांडगा अनुभव असलेला माणूस बसलाय. मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो हे खरं. पण शिकवणं ते शिकवणं. क्लच काय नि केमिस्ट्री काय.

कन्येने विचारलं, बाबा, तुला केमिस्ट्री येते का? म्हटलं, मला येण्याची गरजच नाही. आपल्याकडे आन्सर की आहे.

८ जानेवारी, रविवार
दिवसभर टाइमटेबल केलं. फिजिक्स निळं, केमिस्ट्री हिरवं, बायोलॉजी लाल, विश्रांती पिवळी. पिवळा स्केचपेन वाळला होता, म्हणून विश्रांती रद्द. संध्याकाळी तिच्या खोलीत नेऊन लावलं, तर तोवर कन्येचे दोन धडे वाचून झालेले. टाइमटेबलशिवाय! म्हटलं, हे धरलं जाणार नाही. उद्या पुन्हा वाच.

१३ जानेवारी
पद्धत ठरली. ती सराव पेपर सोडवणार, चार पर्यायांतला एक निवडणार. मी शेजारी खुर्ची टाकून, हातात आन्सर की घेऊन बसणार. तोंडातून अवाक्षर नाही. गाडीतही मी असाच बसतो. शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग, माझ्या बाजूला फक्त एक जादा ब्रेक. बडबडे इन्स्ट्रक्टर मला सहन होत नाहीत.

सोमवारी ५८ मार्क होते. आज ८४. मी काहीही न करता! नुसत्या उपस्थितीचा परिणाम.

१९ जानेवारी
खालच्या मजल्यावर दंतवैद्याचा दवाखाना आहे. तो जिन्यात भेटला. म्हणाला, संध्याकाळी तुमच्या घरातून धप्पकन आवाज येतो, पेशंट दचकतात, माझ्या हातात ड्रिल असतं. मी सांगितलं, पाण्याचा पाइप असेल. तो म्हणाला, पाइप रोज संध्याकाळी अभ्यासाच्या वेळेलाच कसा वाजतो? लोकांना काही ना काही खुसपट काढायचंच असतं.

उजवी पोटरी भरून आलीये. मलम लावलं. वय, दुसरं काय.

२८ जानेवारी
टोपीवाल्या बाई परत नापास. या माझ्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी. उन्हात टोपी, सावलीत टोपी, गाडीतही टोपी. आज टेस्टला लाल सिग्नल सरळ ओलांडला. इन्स्पेक्टरने विचारलं तर म्हणाल्या, मला वाटलं गाडी थांबेल. माझ्याबरोबर असताना ही गाडी प्रत्येक लाल सिग्नलला न चुकता थांबते. इन्स्पेक्टरच्या गाडीतच काहीतरी खोट असणार. तक्रार करायला हवी.

४ फेब्रुवारी
९७! शंभरात ९७!

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिकडे गेलो आणि खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाईकालाही सांगितलं. तो म्हणाला, मला आत्ता काहीच दिसत नाहीये. बायकोने मला बाहेर काढलं. यशाचं कौतुक घरच्यांना नसतंच.

विचार चाललाय: ड्रायव्हिंग आणि एन्ट्रन्स एकाच छताखाली. नाव 'स्टिअरिंग अकॅडमी'. बोर्डावर माझा फोटो, हाताची घडी घातलेला. फोटोसाठी कोट लागेल.

१५ फेब्रुवारी
कन्या एन्ट्रन्सच्या क्लासला जाते, तिथे मोठी चाचणी झाली. कन्येला ४१.

छपाईची चूक असणार.

१६ फेब्रुवारी
छपाईची चूक नाही. क्लासच्या सरांना भेटलो. त्यांची खुर्ची डुगडुगते, ट्यूबलाइट लुकलुकते, पंखा किरकिरतो, सगळं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, तुमची मुलगी पेन्सिल पर्यायांवरून फिरवत बसते आणि कशाची तरी वाट बघते. मी म्हटलं, सर, त्याला विचार करणं म्हणतात. त्यांनी पुढच्या पालकांना आत बोलावलं. निरुत्तर केलं त्यांना.

कन्या मात्र घरी येऊन जेवली नाही. सरावाला बसवली. ९६. बघा!

२० फेब्रुवारी
आजचा दिवस डायरीत लिहावा की नाही? लिहितो. कोण वाचतंय.

दंतवैद्य तक्रार घेऊन वर आला. बायकोने त्याला आत बोलावून चहा दिला. आमचा सराव चालू होता. तो कप हातात घेऊन दारात उभा राहिला आणि बघत बसला. थोड्या वेळाने बायकोला हाक मारली. मग दोघं मिळून बघत बसले. मला वाटलं, पद्धत शिकताहेत. म्हणून मी जरा ताठ बसलो.

मग तो म्हणाला की, माझे पेशंट तोंडाने काही सांगू शकत नाहीत, म्हणून मी नेहमी त्यांच्या पायांकडे बघतो. आणि मग म्हणाला, "साहेब, पाइप तुमच्या उजव्या पायात आहे."

त्यांचं म्हणणं असं. कन्येची पेन्सिल चुकीच्या पर्यायावर टेकली की माझा पाय जमिनीवर धप्पकन दाबला जातो. ती पेन्सिल पुढे सरकवते. परत चूक, परत धप्प. आवाज आला नाही की ते उत्तर बरोबर.

मी म्हटलं, शक्यच नाही. त्याच वेळी कन्येने पेन्सिल 'क'वर ठेवली. पाय गेला. माझ्या देखत गेला. बायको हसता हसता खाली बसली.

कन्या हसली नाही. मी विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, आधी कळत नव्हतं, नुसतं वाटायचं की आपल्याला येतंय. मग म्हणाली, "बाबा, मला काहीच येत नाही. सगळं तुझ्या पायाला येत होतं." आणि रडली.

फार वाईट वाटलं. मला रागावायचं होतं, पण नेमकं कुणावर ते ठरेना.

२२ फेब्रुवारी
खचून जाण्यात अर्थ नाही. दोष पायाचा आहे, पद्धतीचा नाही. आज पायाखाली उशी. आवाज बंद. पण कन्या म्हणते, टेबल हलतं.

२३ फेब्रुवारी
खुर्चीवर मांडी घालून बसलो. तिने सहावा प्रश्न चुकवला. खुर्चीसकट पडलो. दंतवैद्य वर आला नाही, फक्त खालून छताला झाडू आपटला.

२५ फेब्रुवारी
उजवा पाय ओढणीने खुर्चीच्या पायाला बांधला. पाय जागेवर. अगदी दगड! कन्येला मात्र ९४. आता म्हणे मी खोकतो. बायको म्हणाली, खोकता आणि भुवई उडवता, दोन्ही. ही बाई दिवसभर लोकांचे डोळे तपासते, संध्याकाळी तरी सोडावं.

१ मार्च
हकालपट्टी. सरावाच्या वेळी मी घरात थांबायचं नाही, असा दोघींचा निर्णय. मी दूरस्थ देखरेख हे धोरण स्वीकारलं आहे. म्हणजे खाली पार्क केलेल्या गाडीत बसतो. तिथून तिच्या खोलीची खिडकी दिसते. पाय मोकळा ठेवता येतो, त्रास कुणालाच नाही.

बायको भाजी घेऊन येताना गाडीपाशी थांबली. काच खाली करायला लावली. म्हणाली, "अहो, खरं सांगा, ती जावी असं वाटतंय ना तुम्हाला?"

काय प्रश्न आहे! कुणासाठी चाललंय हे सगळं? मी काच वर केली. एसी बंद होता, तरी.

६ मार्च
घरी माझ्याशिवाय सोडवलेला पहिला पेपर. ३८. कन्या रागारागाने पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी पॅसेजमध्ये उभा. आत जावं, काहीतरी बोलावं असं फार वाटलं. काय बोलणार? आन्सर की खिशात होती, तीसुद्धा बायकोने काढून घेतली.

१९ मार्च
४९.

२ एप्रिल
६१. टाइमटेबल मुरायला लागलंय. मी म्हटलंच होतं, परिणाम हळूहळू दिसतो.

११ एप्रिल
६८. आता चुकलं की ती स्वतःच पान उलटून का चुकलं ते शोधते, मग तसलीच आणखी उदाहरणं करते. बायकोने सांगितलं. हे टाइमटेबलच्या हिरव्या चौकोनात अभिप्रेतच होतं.

१२ एप्रिल
टाइमटेबल कपाटामागे सापडलं. जळमटं धरलीयेत. जानेवारीतच पडलं असावं, असं कन्या म्हणाली. तरी भिंतीवर त्याचा डाग आहे. डागाचाही परिणाम होतोच.

२ मे
बायकोला कधी नव्हे तो गाडीचा पुळका. स्वतः सर्व्हिसिंगला नेऊन आणली. म्हणे, कन्येला अठरा पूर्ण झाली, परीक्षा झाली की ती गाडी शिकणार, गाडी धड असलेली बरी. मेकॅनिकने काम झकास केलंय. माझ्या बाजूचा ब्रेक आता लोण्यासारखा जातो. नुसता पाय ठेवायचा अवकाश.

९ मे
एन्ट्रन्स. मीच सोडायला गेलो. सगळे पालक गेटबाहेर उभे. शेजारचे गृहस्थ म्हणाले, पायाला मुंग्या आल्यात का? खाली बघितलं तर खडी उकरून खड्डा पडलेला. त्यात उजवा बूट.

कन्या बाहेर आली. म्हणाली, एका प्रश्नाला सवयीने पेन्सिल चारही पर्यायांवरून फिरवली. काही आवाज नाही. मग हसू आलं आणि शांतपणे सोडवला. मी विचारलं, काय उत्तर लिहिलंस? म्हणाली, 'ब'. मी पायाकडे बघितलं. पायाला काहीच माहीत नव्हतं.

८ जून
टोपीवाल्या बाई पास! सिग्नलला थांबल्या, चढावर थांबल्या, इन्स्पेक्टरने हात करायच्या आधीच थांबल्या. म्हणाल्या, हल्ली तुमची गाडी आपण होऊन थांबेनाशी झालीये, म्हणून मीच थांबवायला लागले. वय झालं की माणसं काहीतरीच बोलतात. त्यांना कळत नाही की हल्ली मी ब्रेक किती अलगद लावतो.

कन्याही शिकतेय. माझी मुलगी, सांगायला नको. मी शेजारी. ब्रेक लोणी.

२१ जून
पहिल्या यादीत नाव नाही. मी मनात म्हटलं, घराजवळचं कॉलेजही वाईट नाही, चालत जाता येतं, दुपारी जेवायला घरी येता येतं. हे फक्त मनात म्हटलं. तरी बायकोने माझ्याकडे बघितलं.

३ जुलै
दुसऱ्या यादीत नाव आहे! लागला नंबर!

आनंद झाला. खूपच झाला. इतका की गाडीत जाऊन जरा वेळ बसलो.

संध्याकाळी दंतवैद्याला सांगायला गेलो. म्हणाला, आता माझे पेशंटही निश्चिंत.

२ ऑगस्ट
कन्येला हॉस्टेलवर सोडलं. बायको मागच्या सीटवर गाद्या-बादल्यांमध्ये. गाडी कन्येने चालवली, जबाबदारी माझी. घाटात ट्रक समोर आला, मी वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचलो. टोलनाक्यावर मी. म्हैस आडवी आली तेव्हाही मीच. उतरताना कन्येला म्हटलं, बघ, बाप बरोबर होता म्हणून. ती आणि बायको एकमेकींकडे बघून उगीचच हसल्या.

हॉस्टेलच्या गेटशी तिने बॅग खांद्याला लावली. मला मिठी मारली. मग निघाली. लांब, सरळ रस्ता होता आत जाणारा. माझा पाय जमिनीवर दाबला गेला. चांगला जोरात. ती थांबली नाही. वळून हात केला आणि गेली.

मला रडू आलं. धूळ वगैरे काही नव्हती, रडूच आलं. बायकोने हात धरला आणि म्हणाली की परत मी चालवते.

४ ऑगस्ट
घर ओकंओकं. तिच्या खुर्चीवर बसून बघितलं. शेजारी, माझी खुर्ची असायची तिथे, फरशीचा कोपरा खचलाय.

गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकला म्हटलं, माझ्या बाजूचा ब्रेक जरा जास्तच मऊ झालाय, बघ. तो खाली वाकलासुद्धा नाही. म्हणाला, साहेब, तो तर मे महिन्यातच सोडवलाय, पेडल कशालाच जोडलेलं नाही. मॅडम आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, मॅडम, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे. तर त्या म्हणाल्या, हँडब्रेक आहे त्यांच्या हाताशी, तेवढा पुरे, पायाचा जोडायचा नाही.

म्हणजे टोपीवाल्या बाई. म्हणजे घाट. ट्रक. टोलनाका. ती म्हैस.

घरी फोन लावला. बायकोला विचारलं, हे काय केलंस? ती म्हणाली, "गाडी थांबली ना सगळीकडे?"

थांबली.

मेकॅनिक हात पुसत उभा होता. विचारलं, परत जोडू का? मी सीटवर बसून पेडलवर पाय ठेवून बघितला. मग म्हटलं, राहू दे. पण काढून टाकू नकोस. पाय ठेवायला लागतं.