कोरडा झाडू

शुक्रवार, १४ मार्च

चि. सूनबाई,
अनेक आशीर्वाद. तुम्हा दोघांचं नवं घर लावून होत आलं असेल. पडद्यांची मापं जमली का? इकडे आम्ही बरे आहोत. तुझी छकुली मजेत आहे. दोन्ही वेळा पोटभर जेवते, आणि काल 'दार' म्हणायला शिकली.

काल फोनवर तू "सगळं ठीक ना?" असं विचारलंस आणि मी "हो" म्हणून टाकलं. ते काही खरं नव्हतं. तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून लिहायला बसले.

मंगळवारी आम्ही स्वयंपाकघराची जुनी फरशी उखडायला घेतली. तुम्ही याल तेव्हा नवी दिसावी, एवढीच हौस. ओट्याजवळचे ते तपकिरी, प्लॅस्टिकसारखे चौकोन सुटायलाच आले होते. तुझ्या सासऱ्यांनी पटाशी-हातोडी घेतली, मी झाडू. काही अख्खे निघाले, बाकीच्यांचे तुकडे झाले. खाली डांबरासारखा काळा गोंद होता, तोही ह्यांनी खरवडला.

बुधवारी फरशीवाला माप घ्यायला आला आणि दारातच थबकला.

"मावशी, हे कुणी फोडलं?"

"आम्हीच. का?"

"इतक्या जुन्या फरशीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. शाबूत असली तर काही होत नाही. फोडली की धूळ उडते, ती छातीत जाते. झाडलंत कशाने?"

"झाडूने."

"कोरड्या?"

मी मान हलवली.

त्याने पाण्याचा फवारा मारून एक तुकडा दोन पिशव्यांत बांधला आणि तपासणीला पाठवला. स्वयंपाकघराच्या दाराला प्लॅस्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. आम्ही तिघं वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंकडे राहतोय. अहवाल सोमवारी येईल. हे खिडकीशी बसून असतात, कुणी साधं खोकलं तरी दचकतात.

छकुली त्या वेळी पुढच्या खोलीत झोपली होती. काळजी करू नकोस.

सोमवार

पत्र टाकायचं राहून गेलं. राहून कसलं, मीच टाकलं नाही. वरची शेवटची ओळ खोटी आहे. खोडत नाही, तुला दिसू दे.

छकुली झोपली नव्हती. माझ्याशेजारी बसून, आजोबांसारखी, वरणाच्या डावाने फरशी ठोकत होती. केस पांढरे झाले होते. मी हसून म्हटलं, "बघा, म्हातारी झाली!" आणि फुंकर मारून ती धूळ उडवली. ती फुंकर काही केल्या डोक्यातून जात नाही.

आणखी एक. जाताना तू बजावलं होतंस, "आई, जुन्या फरशीला हात लावण्याआधी तपासून घ्या." मी विसरले नव्हते गं. मनात म्हटलं, चाळीस वर्षं या स्वयंपाकघरात काढली, आता ही मला शिकवणार! मुद्दाम ऐकलं नाही.

अहवाल आज आला. फरशीत ॲस्बेस्टॉस आहे. गोंदातही.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, त्या फुंकरीसकट. म्हणाल्या, "एका दिवसाच्या धुळीचा धोका फार थोडा. वर्षानुवर्षं त्यात काम करणाऱ्यांना खरी भीती."

"थोडा म्हणजे नाहीच, असं लिहून द्याल?"

त्यांनी माझा हात धरला. लिहून काही दिलं नाही. पुढे कुठल्याही डॉक्टरला कळावं म्हणून छकुलीच्या फाइलमध्ये तेवढी नोंद केली.

गुरुवारी या कामातली माणसं येऊन फुटकी फरशी ओली करून नेतील, सगळं पुसून घेतील. उरलेली न हलवता तिच्यावरच नवी बसेल.

हे म्हणतात, कशाला इतकं लिहितेस, पोरगी घाबरेल. घाबर, रागावही. छकुलीला न्यायला येशील तेव्हा जे बोलायचं ते मला बोल, ह्यांना नको. फरशी काढायचा हट्ट माझाच होता. यापुढे तिला माझ्यापाशी ठेवायचं की नाही, ते तू ठरव. मी "का" म्हणून विचारणार नाही.

पत्राखाली एरवी 'आई' लिहिते. आज हात धजत नाही.

तुझी,
सासूबाई