सफेद्याखालची जयवंता

अकोला, ९ मे १९६५

प्रिय जयू,

तुले माझा राग हाये हे मले ठाऊक हाये, तरी पत्र फाडू नको. आधी वाच, मग खुशाल चुलीत घाल. तुझ्या बाबांनी चांगल्या अक्षरात लिहून दिलं असतं, पण हे मलेच लिहायचं होतं. चौथी पास बाईचं अक्षर हाये, मास्तरीणबाई, चुका काढत बसू नको.

नैरोबीहून जोसेफचं पत्र आलं. आपला जोसेफ मुतिसो, केनियातून इथं शेतकी कॉलेजात शिकायले आलेला. त्याचा रंग पाहून गावात त्याले कोणी खोली देईना, तेव्हा त्याच कॉलेजात क्लार्क असलेले तुझे बाबा त्याले हात धरून घरी घेऊन आले. म्हणे, दारातून परत पाठवणं काय असतं हे आपल्याहून जास्त कोणाले माहीत? तीन वर्षं तो मागच्या खोलीत राह्यला. भाकरीसंगं माझा ठेचा खाऊन डोळे पुसायचा अन् आणखी मागायचा. आता त्यानं शेतकीची नोकरी सोडली अन् नुसती चित्रं काढून राह्यला. त्याच्या बापानं वर्षभर बोलणं टाकलं होतं म्हणे, आता तोच बाप पाहुण्यांले चित्रं दाखवते.

तुले आठवते ना, मांजरपाट चौकटीवर ताणून, सरेसाची खळ लावून तो कापड तयार करायचा. कापसाच्या गाड्या, निंदणाऱ्या बाया, बाजारातले म्हातारे, सारे त्यानं काढले. पण काळी माणसं काढताना काळ्या रंगाले हात लावायचा नाही. तपकिरी, तांबडा, जांभळा. तुझं चित्र काढायले तुले महिनाभर खिडकीत बसवलं तेव्हा मीच म्हटलं होतं, काहून रे बाबा, पोरीचा गाल निळा करून राह्यला? तो अर्ध्या हिंदीत म्हणे, माय, निळा है ना, तू देखतीच नाही. मी कुठून पाहणार? तू बाहेर निघाली की मी पावडरचा डबा घेऊन तुझ्या मागं. एकदा त्यानं विचारलं, तुम्ही लोक काळ्या जमिनीले हात जोडता, मग काळ्या पोरीले पाहून तोंड काहून वाकडं करता? मी म्हटलं, गपचिप जेव.

मग बाळापूरची मंडळी तुले पाहायले यायची ठरली. फोटोवाले फोटोत तोंड उजळ करून देतात, साऱ्यांच्याच पोरींचं देतात. मले वाटलं, चित्रालेही चालते. जोसेफ कॉलेजात गेलेला पाहून मी पाट्या रंगवणाऱ्या नत्थुजीले बोलावलं. त्यानं पांढऱ्या सफेद्यात चिमूटभर गुलाबी घालून तुझं तोंड, गळा, हात सारं गोरं करून दिलं. चित्र बैठकीत टांगलं. तू चहा घेऊन आली, अन् मुलाची आत्या एकदा चित्राकडं, एकदा तुझ्याकडं पाहून म्हणाली, अन् चित्रातली पोरगी कुठं हाये हो? सारे हसले. मीही हसली, जयू. लाजेनं हसली, पण हसली. तू माझ्याकडं पाह्यलं ते मले आजही दिसते. आठच दिवसांत तू पेटी घेऊन अमरावतीले गेली. आता पोरींच्या शाळेत चित्रकला शिकवते, हे मले बाबांकडून कळते. दोन वर्षं झाली, बुद्धजयंतीलेही तू घरी आली नाही.

जोसेफनं ते चित्र पाह्यलं अन् आपले ब्रश धुवत बसला. ते मले फार लागलं, ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या देशी निघायच्या दिवशी माझ्या पाया पडून म्हणाला, माय, नत्थुजीचा रंग सरेसाचा है, माझा तेलाचा. उसका पानी से निकल जाएगा. मी नाही काढणार, तू काढ. म्हणजे मले ठाऊक होतं, पोरी. तांब्याभर पाण्याचं काम, अन् दोन वर्षं मी ते चित्र कोठीमागं, भिंतीकडं तोंड करून ठेवलं. सफेदा निघाला असता तर माझी चूक उघडी पडली असती, तेवढंच भ्या होतं.

आता नैरोबीत त्याच्या चित्रांचं प्रदर्शन हाये अन् त्यानं ते चित्र मागितलं, जसं असेल तसं. तसं कसं पाठवू? काल दुपारी वाटीत पाणी घेतलं, गादीतला कापूस काढला अन् बसली. आधी कपाळ निघालं, मग नाक, मग तो निळा गाल. खरंच निळा हाये गं, खिडकीच्या बाजूनं. माझी मायही मले हळद-बेसनानं घासायची, कातडी जळेपर्यंत. तेव्हा मी ठरवलं होतं, माझ्या पोरीले असं करणार नाही. काल चित्रापुढं बसून लई रडली मी. माफी मागायले मले तोंड नाही, तरी मागते. चित्र बैठकीत टांगलं हाये, कोणाले पाहायले बोलावलं नाही. पाठवायचं की ठेवायचं ते तूच सांग, चेहरा तुझा हाये. शाळेले सुटी लागलीच असंल. येत्या रविवारी दुपारच्या अमरावतीच्या एसटीले मी स्टँडवर उभी राहीन, तू नाही उतरली तर त्याच्या पुढच्या रविवारीही राहीन. अन् येताना तोंडाले पावडर लावू नको.

तुझीच,
माय