एकशे बारा टक्के

३ मार्च, सोमवार
प्रयोगशाळाप्रमुखाची खुर्ची महिनाअखेर रिकामी होतेय. सतराला मोठ्या साहेबांसमोर सादरीकरण. उमेदवार दोन, मी आणि माझा ज्युनिअर. त्याला मी मनात शंकासुर म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'पण सर'नं सुरू होतं. म्हणजे खरं तर उमेदवार एकच.
संकल्प: रोज पहाटे उठून तयारी.

४ मार्च, सकाळी साडेआठ
आत्ता उठलो. झोप पुरेशी झाली की डोकं चालतं. तीही तयारीच.
साहेबांना कळेल अशी सुरुवात लिहिली. सिंटर म्हणजे लोहखनिजाचा भुगा भाजून केलेलं ढेकूळ. ते तापवून वायू सोडला की वायू छिद्रांतून आत शिरतो, खनिजातला ऑक्सिजन काढून नेतो, मागे लोखंड उरतं. जेवढं वजन घटलं तेवढा ऑक्सिजन गेला; त्यावरून टक्के काढायचे. पण फार तापलं की ढेकूळ मऊ पडतं, छिद्रं बुजतात आणि वायू दारातूनच परत फिरतो. माझा सिद्धांत असा की मोजकी मोठी भोकं काही कामाची नाहीत. बारीक, एकमेकांना जोडलेली छिद्रं हवीत.
हिला वाचून दाखवलं. कळलं म्हणाली, आता कपडे वाळत घाला.

६ मार्च
माझ्या सिद्धांताप्रमाणे भाजलेल्या ढेकळांतल्या छिद्रांचे फोटो काढले. त्यासाठी ढेकळात पातळ रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकसारखा चीक, मुरवतात. ते छिद्रांत घट्ट झालं की कापायचं, घासायचं, मायक्रोस्कोपखाली धरायचं. फोटो दिवाणखान्यात लावण्याजोगे आलेत. ही नको म्हणाली.
भट्टीत कोरे, म्हणजे रेझिन न मुरवलेले, नमुने घालायचे असतात. पण ज्याचा फोटो त्याचीच परीक्षा, हे जास्त शास्त्रीय. शिवाय कोरे नमुने तयार करायचे म्हणजे नसती कटकट. हेच तुकडे घालणार.

११ मार्च, मंगळवार
एकशे बारा टक्के. पुन्हा लिहितो, एकशे बारा. गेल्या वर्षीचा विक्रम एकाहत्तर होता.
भट्टीतून प्लॅस्टिक जळल्यासारखा वास येत होता. नवीन गोष्टीला थोडा वास यायचाच.
ही शाळेत गणित शिकवते. डब्यात शंभर बिस्किटं असतील तर एकशे बारा कशी काढलीत, असं विचारत होती. संशोधन आणि किराणा यांत फरक असतो, हे शांतपणे समजावलं.
आईला फोन करून सांगितलं की मी प्रमुख झालोच समज. तिनं लगेच मावशीला कळवलं.

१३ मार्च
शंकासुर दोनदा येऊन गेला. पण सर, ते रेझिनवाले नमुने, असं काहीतरी. दुसऱ्याचं बरं झालं की काहींच्या पोटात दुखतं. सतराच्या आत एकदा ऐकून घ्या, नंतर उपयोग नाही, म्हणाला. ही सरळसरळ धमकी. केबिनचं दार आतून लावून घेतलं.

१६ मार्च, रविवार
भाषण आरशासमोर म्हटलं. आरशातल्या माणसाला एकही शंका नव्हती.

१७ मार्च
सादरीकरण उत्तम झालं. एकशे बारा म्हटल्यावर सगळे स्तब्ध. साहेबांनी एकच विचारलं, खनिजात होता त्याहून जास्त ऑक्सिजन आला कुठून. मी म्हटलं, त्यावर काम चालू आहे.
मग त्यांनी शंकासुराला विचारलं. तो खाली बघत म्हणाला की मुरवलेलं रेझिन भट्टीत जळून गेलं असावं, आणि त्याचं वजनही ऑक्सिजनच्या नावावर धरलं गेलं.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२४ मार्च
शंकासुर प्रमुख. ठीक आहे. खुर्चीत बसलं की माणसाचं संशोधन संपतं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं ही म्हणाली.
मावशीचा अभिनंदनाचा फोन आला. आभार मानले.

२ एप्रिल, बुधवार
नव्या प्रमुखाचा पहिला हुकूम: तोच प्रयोग कोऱ्या नमुन्यांवर, आणि मीच करायचा. सगळ्यांसमोर माझं नाक कापायचा डाव आहे. पण करून दाखवीन.

४ एप्रिल
वास नाही, धूर नाही. एकोणऐंशी टक्के. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केला. एकोणऐंशीच. गेल्या वर्षीच्या एकाहत्तराहून आठ जास्त.
शंकासुरानं आकडा बघितला आणि म्हणाला, सर, बारीक छिद्रांबद्दल तुमचं पहिल्यापासून बरोबर होतं. मनापासून म्हणाला, तेच जास्त लागलं.
सतराला एवढाच आकडा सांगितला असता तरी खुर्ची माझी होती. हे आता कुणाला सांगताही येत नाही.